संपाच्या वर्षीचं मखर

दुधाचा हिशेब ठेवायला म्हणून १९७६ साली मी एक लांबडी वही केली. त्याच वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. घरात तेवढं शिकलेला मी एकटाच, म्हणून हिशेब माझ्याकडं आला. वहीच्या मागच्या पानांवर सणावाराचा खर्च लिहायची सवय तेव्हाच लागली. गणपतीच्या मखराला काय लागलं ते दरसाल एका ओळीत. वही आता पिवळी पडलीय, कडा कसरीनं खाल्ल्यात, पण आकडे वाचता येतात.

१९७६ : पतंगी कागद १.२५ रुपये, मैदा ६० पैसे, बेगड ५० पैसे.
१९८२ : मैदा १ रुपया. बाकी काही नाही.
१९८९ : तयार मखर ३५० रुपये.

या तीन ओळींत आमच्या घराचा बराचसा इतिहास आला. तो सांगण्यासारखा आहे असं मला फार उशिरा कळलं. त्यातली एक ओळ लिहिताना मी फुशारलो होतो, आणि आज तीच वाचायला नको वाटते.

आमचं गाव पनवेलच्या पूर्वेला, नेऱ्याच्या बाजूला. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून उतरते ती आमच्या शेतांच्या कडेनं पनवेलला जाते. अंगणात उभं राहिलं की समोर प्रबळगड आणि त्याच्या शेजारी कलावंतिणीचा सुळका. पनवेल म्हणजे जुनं बंदर, जुनी बाजारपेठ. नगरपालिका १८५२ ची. आम्हाला मीठमिरची, कापड, औषध सगळं पनवेललाच. पण मखराचं सामान मात्र पनवेलच्या बाजारात शोधावं लागत नसे. ते बांधावर आणि डोंगरात असायचं.

भाद्रपद येईपर्यंत आवणी होऊन बेणणीही उरकत आलेली असते. बांधावर तेरडा गुडघाभर वाढलेला, जांभळा-गुलाबी. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे. वईवर कळलावीची फुलं, त्यांना बायका गौरीचे हात म्हणतात. रानात कवंडळाची लालभडक फळं वेलाला लटकलेली. डोंगरातले ठाकर लोक पावसाळी भाज्या घेऊन पनवेलच्या बाजाराला जायचे ते आमच्या गावावरून. त्यांना आधी सांगून ठेवलं की कारवीच्या काठ्यांची मोळी यायची. आई बदल्यात त्यांना तांदूळ द्यायची. ज्या कारवीचे कुड आमच्या घराला होते, तीच कारवी देवाच्या घराला.

कारवीची चौकट, तिला केळीच्या सोपाची दोरी. मागं पडदा म्हणून आईचं ठेवणीतलं हिरवं लुगडं. खांबांना पतंगी कागदाची झालर, आणि ती चिकटवायला घरची खळ. खळ म्हणजे मैदा पाण्यात कालवून मंद विस्तवावर ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. उतरवताना चिमूटभर मोरचूद टाकायचं म्हणजे उंदीर-झुरळं खात नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून ते भांडं वेगळं आणि पोरांना हात लावायची बंदी. पोरांना कागद चिकटवायचा तर भाताचं शीत होतंच. चकाकी हवी तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. आम्ही पोरं तो वर्षभर रस्त्यावरून वेचून पुस्तकात दाबून ठेवायचो.

देवाच्या डोक्यावर फळाफुलांची आडवी चौकट टांगायची. तळकोकणात तिला माटवी म्हणतात. तिच्यात काकडी, शहाळं, कवंडळ, सुपारीचा घड, तेरडा, आंब्याचे टाळे. वास असा सुटायचा की डोळे मिटले तरी गणपती आलाय हे कळावं.

आणि हे सगळं एका सणापुरतं नसायचं. आमच्या रायगडात पेण, पनवेल, उरणकडं भाद्रपद वद्य चतुर्थीला साखरचौथीचा गणपती बसवतात. आमचा गणपती गेला की चौकट उचलून साखरचौथवाल्या शेजाऱ्याकडं जायची. त्यांचं विसर्जन झालं की परत यायची. दसऱ्याला भाताच्या लोंब्या, कुर्डू आणि झेंडू यांचं तोरण दाराला. दिवाळीत बांबूच्या उरलेल्या कामट्यांचा आकाशकंदील, त्यात पणती. कंदील फाटला की त्याच कामट्या परसात शिराळ्याच्या वेलाला. शिमग्यात जे काही उरलं असेल ते होळीत. वर्ष संपलं की काहीच शिल्लक नाही, आणि नव्या वर्षी सगळं पुन्हा उगवलेलं. याला आम्ही काटकसर म्हणत नव्हतो. दुसरं काही माहीतच नव्हतं.

पण नक्षी कुठून आली? ती मुंबईहून आली. माझा काका लालबागच्या बाजूला एका गिरणीत सूतखात्यात होता. १९५० नंतर आमच्या भागातले कितीतरी लोक असेच गिरणीत गेले. एका खोलीत दहा-बारा जणांनी राहायचं, खानावळीत जेवायचं, गावाला मनीऑर्डर करायची आणि गणपतीला व शिमग्याला रजा टाकायची. टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणपतीला जोर दिला तेव्हापासून मुंबई-पुण्यात मांडवांच्या आरासीची चढाओढ लागली. लालबागचा गणपती तर १९३४ पासूनचा. चतुर्थीच्या आधी महिनाभर मांडवात सुतार, रंगारी राबत असायचे. काका पाळी सुटली की तिथं जाऊन उभा राहायचा. कमान कशी उभी करतात, कागद कसा दुमडून कातरतात, कळस कशाचा करतात, हे बघायचा आणि विडीच्या पुड्याच्या कागदावर काढून आणायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो एसटीतून उतरला की आम्ही पोरं आधी त्याची पिशवी धरायचो. पिशवीत बेगड, क्रेप कागद आणि ती विडीच्या कागदावरची चित्रं. मुंबईतला पन्नास फुटी महाल आमच्या पडवीत चार फुटांचा होऊन बसायचा. त्यात कलावंतिणीचा सुळका पण यायचा, कारण काका म्हणायचा, रोज समोर दिसतंय ते सोडून कशाला लांब जायचं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. डॉ. दत्ता सामंतांचं नाव तेव्हा गावागावात पोहोचलं. काका होळीपर्यंत मुंबईत थांबला. मग खानावळीचं देणं झालं तसा पत्र्याची ट्रंक आणि एक मोठं गोणपाटाचं ओझं घेऊन घरी आला. त्या ओझ्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही. माळ्यावर टाकून दिलं.

आवणीला तो आमच्याबरोबर चिखलात उतरला. पंचवीसेक वर्षं गिरणीत काढलेला माणूस, पायाला जळवा लागल्या, कंबर धरली, पण बोलला नाही. तसं तो कुणाशीच बोलत नव्हता. संध्याकाळी पडवीच्या खांबाला टेकून बसायचा. काकीच्या अंगावरचे दोन डाग पनवेलला गहाण पडले. वडिलांनी श्रावणातच सांगून टाकलं, या साली मखरबिखर नको. मूर्ती छोटी आणू, पाटावर बसवू, दीड दिवसात बोळवू. घरात कुणी हूं की चूं केलं नाही.

गोकुळाष्टमी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी काका माळ्यावर चढला आणि ते ओझं खाली घेतलं. गोणपाट सोडलं तर आत कागदी कोन! गिरणीत सूत ज्याच्यावर गुंडाळतात ते. पुठ्ठ्याचे, खाली रुंद, वर निमुळते, टोकाला भोक. चेमटलेले कोन भंगारात जायचे. त्यानं लालबागच्या भंगारवाल्याकडून किलोवर घेऊन ठेवले होते. गणपतीला काहीतरी करू म्हणून दोन वर्षं साठवत होता. मी मोजले, एकशे चाळीसच्या वर भरले.

आधी त्यानं एकेक कोन ओल्या फडक्यानं पुसून कारवीच्या काठीवर चढवला आणि चुलीच्या वर टांगला. पुठ्ठा ओला असताना ताणला आणि जागेवरच सुकवला की चेमटलेला भाग वर येतो. मग चुन्याची निवळी देऊन पांढरे केले. त्यावर गेरूचे पट्टे. हळदीत चुना घातला की लाल होतो, तो रंग टोकांना. कपड्याला घालायची नीळ मधल्या रेघेला. ब्रश नव्हता, काथ्याचं टोक ठेचून कुंचला केला.

मग कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांत कोन ओवले. एकावर एक, मध्ये चार बोटांची जागा सोडून. ती जागा राहावी म्हणून केळीच्या सोपाची एक गाठ. मधलं शिखर सर्वात उंच, बाजूला दोन लहान, पुढं कमान. उरलेले कोन उलटे टांगून त्यांत रिठे बांधले, त्यांच्या घंटा झाल्या. वारा आला की खुळखुळ वाजायच्या. काकी समोर बसून दोरीचं दुसरं टोक धरायची. रात्री कंदिलाच्या उजेडात हे चालायचं. तिसऱ्या रात्री काका काहीतरी बोलला आणि काकी हसली. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पाच महिन्यांनी घरात त्याचा आवाज ऐकू आला होता.

त्या साली वडिलांनीच सांगितलं, गौरीबरोबर जाऊ दे बाप्पा, दीड दिवस नको. मखर बघायला दुसऱ्या गावातून लोक आले. पनवेलच्या एका दुकानदारानं विचारलं, किती घेशील असं करून द्यायला? काका म्हणाला, कोन संपले. घरात त्या वेळी दहाची नोट नव्हती. तरी त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही.

संप कुणी मागं घेतला नाही. तो नुसता विरत गेला. काकाला गिरणीनं परत बोलावलं नाही. तो आमच्याच शेतात राबला आणि दरसाल तेच मखर माळ्यावरून काढून, नवा चुना लावून उभं करत राहिला.

आता शेजारच्या पट्ट्यात काय चाललं होतं ते सांगतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आमचं गाव त्यात नव्हतं. माझ्या आत्याचं सासर होतं, खाडीच्या बाजूचं. दि. बा. पाटलांच्या मागं त्या गावांतले बायकापुरुष रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायची तरतूद पुढं झाली. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नाही ते एवढंच, की शेतं गेली तेव्हा बांधही गेले. आत्या दर गौरीला पहाटेच्या एसटीनं आमच्याकडं यायला लागली, तेरडा न्यायला. आमच्याकडं तेरड्याचीच गौर, मुळासकट उपटून, लुगडं नेसवून. आत्याच्या गावात भराव पडला होता. भरावावर तेरडा उगवत नाही. ती मोळी डोक्यावर घेऊन परत जाताना आईला म्हणायची, "वयनी, घर पक्का झाला, पन गवर मागून आनायला लागते."

आत्याच्या घरी मोबदल्याचे पैसे आले तसं तयार मखरही आलं. थर्माकोलचं. मी १९८८ साली ते बघितलं आणि माझे डोळे फिरले. बर्फासारखं पांढरं, खांबांवर सोनेरी आंबे, घुमट, आत लाल दिवा. त्यापुढं आमचं कोनांचं मखर म्हणजे फाटक्या सदऱ्याला ठिगळ वाटायला लागलं. माझं नवीन लग्न झालेलं. पुढच्या साली सासरची माणसं गणपतीला येणार होती. मुंबईच्या तबेल्यांना पेंढा विकून चार पैसे हातात आले होते. ३५० रुपये मोजले आणि पनवेलहून टेंपोत घालून थर्माकोलचं देऊळ आणलं. वहीत ती ओळ मी ठळक अक्षरात लिहिली आहे.

काका पडवीत बसला होता. उठून जवळ आला, खांबावर हात फिरवला, नाक लावलं.

"याला वासच नाय रं," एवढंच म्हणाला.

मी हसलो. जुन्या मखराची कारवी दोन दिवस आंघोळीच्या पाण्याखाली जाळली. कोन पोरांना खेळायला दिले. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. माळ्यावर जागा हवी होती, एवढंच. काका त्या दोन्ही दिवशी आंघोळीला नदीवर गेला.

त्यानं भांडण केलं नाही. देवाच्या डोक्यावरची फळांची चौकट मात्र तो मरेपर्यंत स्वतःच बांधत राहिला. १९९६ साली तो गेला, त्यानंतर मी प्लास्टिकच्या द्राक्षांचे घड आणले.

थर्माकोल स्वस्त पडतं म्हणायचे. एकदा घेतलं की चार वर्षं. पण दुसऱ्या वर्षी त्याचा कोपरा तुटायचा, तिसऱ्या वर्षी ते पिवळं पडायचं, आणि चौथ्या वर्षी शेजाऱ्याकडं नवं आलेलं असायचं. माझ्या वहीत १९८९ ते २००५ या काळात पाच मखरांची किंमत लिहिलेली आहे. जुनं कुठं टाकायचं? जाळलं तर काळा, घशाला झोंबणारा धूर. पुरलं तर कुजत नाही. मग मूर्तीबरोबर किंवा नंतर रात्री नदीत. सगळे तेच करायचे. मी पण.

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईच्या नावानं लक्षात राहिला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. पण आमची गाढीसुद्धा त्या दिवशी पात्रात राहिली नाही. आवणी झालेली खाचरं दोन दिवस पाण्याखाली होती. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं आणि मी बांधावर गेलो. लांबून वाटलं बगळे बसलेत. जवळ गेलो तर थर्माकोल. मोठे तुकडे बांधाला अडकलेले, आणि त्यांचा भुगा, साबुदाण्याएवढे दाणे, आवणाच्या प्रत्येक चुडाभोवती चिखलात बसलेले. एका तुकड्यावर सोनेरी आंबा अजून तसाच होता. तो आमच्या मखराचा होता असं मी म्हणत नाही. नव्हता असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

आम्ही नवराबायकोनं आठ दिवस ते दाणे वेचले. वेचून संपत नाहीत. पाणी भरलं की तरंगतात, पाणी उतरलं की मातीत शिरतात. पुढं दोन-तीन वर्षं नांगरट केली की वर यायचे. आपल्यात म्हण आहे, तेरड्याचा रंग तीन दिवस. वरवरच्या, न टिकणाऱ्या गोष्टीला नावं ठेवायला ती वापरतात. त्या चिखलात वाकलेलं असताना मला वाटलं, सणाच्या सजावटीला तीन दिवसांचाच रंग पाहिजे. देव दहा दिवसांत जातो आणि त्याचं घर माझ्या नातवंडांच्या शेतात राहतं, हा कुठला हिशेब?

एवढं कळूनही मी शहाणा झालो असं समजू नका. पोरांना मखर चकचकीत हवं होतं, नदीत टाकायचं बंद केलं एवढंच. मखर आणणं चालूच राहिलं. शेवटी २३ मार्च २०१८ ला सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलच्या बंदीची अधिसूचना काढली. थर्माकोलवाले गणपतीपुरती सवलत मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेले, जुलैत न्यायालयानं ती नाकारली. त्या साली पनवेलच्या बाजारात पुठ्ठ्याची मखरं आली. छान होती, पण किंमत ऐकून मी परत फिरलो. घडीच्या पुठ्ठ्याचे तीन हजार. काकाला तीस वर्षांपूर्वी जे फुकटात जमत होतं, त्याला आता 'पर्यावरणपूरक' नाव आणि तीन हजारांचा भाव. त्या साली आणि पुढच्या साली आम्ही नुसता पाट आणि मागं साडी लावून भागवलं.

मग २०२० उजाडलं. टाळेबंदी. गावाच्या तोंडाशी बांबू आडवा बांधलेला. मुलगा तळोज्याच्या बाजूला कारखान्यात, तो अर्ध्या पगारावर घरी. सार्वजनिक मूर्ती चार फूट, घरातली दोन फूट, असे सरकारचे नियम आले. पनवेलच्या बाजारात जायची सोय नाही. मुलगा पडवीच्या खांबाला टेकून मोबाईल बघत बसायचा आणि कुणी काही विचारलं की तुटक उत्तर द्यायचा. तो ज्या खांबाला टेकला होता, तो खांब मला ओळखीचा होता.

मी नातीला म्हटलं, चल, मखर करू. ती दहा वर्षांची. "आबा, तुम्हाला येतं?" म्हणाली. येतं म्हटलं आणि मग पंचाईत झाली. डोंगरातून कारवी आणणारा म्हातारा ठाकर राहिला नव्हता, म्हणून बांधावरच्या बेटातले बांबू तोडले. चौकट उभी केली. केळीचा सोप सोलला. पण गाठ बसेना. घट्ट केली तर सोप तुटतो, सैल ठेवली तर चौकट हलते. एवढी वर्षं काकाला बघत बसलो होतो आणि हाताला काहीच ठाऊक नव्हतं.

काकी तेव्हा पंच्याऐंशीच्या पुढं. आतल्या खोलीत खाटेवर. दिसायचं कमी, ऐकू बरं यायचं. आमची खटपट ऐकून तिनं हाक मारली. सोप आणि दोन काटक्या हातात मागितल्या. डोळे छपराकडं, आणि बोटं चालायला लागली.

"सोप पयला पान्यात भिजव. सुका सोप तुटनारच. पयला फेरा डाव्या अंगानी, मंग मुरक, मंग दोन फेरे एकावर एक, आनि टोक खालून घाल. वरून नको."

गाठ बसली. नातीनं ती तिच्याकडून चारदा करून घेतली. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वी दोरीचं दुसरं टोक धरून बसणाऱ्या बाईकडं ती विद्या राहिली होती. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं.

मग काकीच म्हणाली, "तुज्या काकानी कोन लावलेले." मी मान खाली घातली. कोनांचं काय झालं ते तिला माहीत होतं. पण ती ते बोलली नाही. नातीनं विचारलं, कोन म्हणजे कसले? मी सांगितलं. ती गेली आणि कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आली. पत्रिका जाड कागदाच्या, लाल-पिवळ्या, वर सोनेरी गणपती छापलेला. त्यांच्या सुरळ्या करून खळीनं चिकटवल्या की कोन होतो. मुलगा थोडा वेळ बघत राहिला, मग मोबाईल ठेवून कातर घेऊन बसला. अर्ध्या रात्रीपर्यंत साठ कोन झाले. मागं काकीचं हिरवं लुगडं. वर काकडी, कवंडळ, तेरडा. वहीत लिहिलं : २०२० : मैदा आणि सुतळी ६२ रुपये.

सुबक झालं का? नाही. शिखर थोडं डावीकडं कललं होतं. काकीला उचलून खुर्चीवर बसवून पडवीत आणलं. तिला कोन दिसले असतील असं वाटत नाही. तिनं मान वर केली, नाकानं दोनदा श्वास घेतला आणि हात जोडले. त्या दिवाळीच्या आधी ती गेली.

तेव्हापासून मखर घरीच होतं. बाहेरची माणसं विचारतात, स्वस्तात कसं करायचं, काही सांगा. मी सांगतो ते एवढंच. बाजारात जायच्या आधी घरातून आणि परसातून एक फेरी मारा. जुनी साडी, पत्रिका, कॅलेंडर, वर्तमानपत्र काही ना काही निघतंच. नक्षी सुचत नसेल तर खिडकीतून जे दिसतं ते काढा. मग घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुमच्या वेळी कसं करायचे. त्यांना दिसत नसलं तरी विचारा. आणि पोरांना नुसतं बघायला बसवू नका, दोरीचं एक टोक त्यांच्या हातात द्या.

पण एक गोष्ट तुम्हाला घरात बसून करता येणार नाही, ती आमच्याकडं आहे. काकाचं मखर एका रुपयात झालं ते त्याच्या हाताच्या कसबामुळं, तसंच भोवतीच्या बांधामुळं आणि डोंगरामुळं. आमच्याही गावाला आता प्लॉटवाले फिरतात. मुलगा विचारतो, तेही मला कळतं, त्याला त्याचा संसार आहे. दुसरं म्हणजे तणनाशक. मजूर मिळत नाहीत म्हणून मीही दहा वर्षं बांधावर फवारलं. तण मेलं, त्यात तेरडा आणि कुर्डूही गेले. गौरीला मलाच दुसऱ्याच्या बांधावर जायची पाळी आली तेव्हा आत्याची आठवण झाली.

म्हणून आता नदीकडच्या एका बांधाला फवारा लावत नाही. सुमारे दोनशे पावलं लांब आहे. विळ्यानं वाट तेवढी मोकळी करतो. पहिल्या वर्षी नुसतं गवत आलं, दुसऱ्या वर्षी कुर्डू, तिसऱ्या वर्षी तेरडा. गेल्या गौरीला आत्याचे नातू मोटारसायकलवर आले होते. त्यांना तेरडा कुठला आणि रानगवत कुठलं ते ओळखता येईना. नात त्यांच्याबरोबर बांधावर गेली. मुळासकट कसा उपटायचा ते दाखवत होती, मी लांबून बघत होतो.